पासवर्ड बरोबर होता

गुरुवारी सकाळी लातूरहून फोन आला. हे वर्गात शिकवता शिकवता खाली बसले आणि दवाखान्यात नेईपर्यंत गेले. मी तेव्हा नांदेडला, शाळेच्या ग्रंथालयात होते.

तेरावं झालं. धाकटे दीर निघताना चपला घालता घालता म्हणाले, "वहिनी, कॉम्प्युटरमधलं ते गावाचं तेवढं काढून ठेवा. आत्या बी गेली. आता इचारायचं कुणाला?"

ते गावाचं म्हणजे यांनी लिहायला घेतलेलं. यांचं गाव भूकंपात पडलं, तेव्हा हे नांदेडला वसतिगृहात होते. पुढे गाव दुसरीकडे वसलं. तिथे सारखी घरं, सरळ रांगा आणि दारावर आकडे. लग्नानंतर मी पाहिलं ते हेच. जुन्या गावाबद्दल हे बरीच वर्षं बोलले नाहीत. मग लातुरात क्लासेस वाढले, यांना तिथे भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली. हे आठवडाभर तिकडे असायचे आणि रविवारी घरी. त्या रविवारांत त्यांनी जुनं गाव गल्लीगल्लीने लिहायला सुरुवात केली. आत्याबाई फोनवर सांगायच्या. कोणाचं दार कोणाच्या दारासमोर, कोणाची सून कुठली, हे सगळं त्यांना पाठ होतं. हे टाइप करायचे. मी म्हणायचे, थोडं थोडं छापून तरी ठेवा. "पुरं होऊ दे," म्हणायचे.

कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं. क्लासच्या प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवरून यायच्या आणि सोबत व्हायरस यायचे, म्हणून यांनी ते बसवलं होतं. मी त्याला कधी हात लावला नव्हता. पासवर्ड मात्र मला माहीत होता. जुन्या गावाचं नाव, इंग्रजी छोट्या अक्षरांत. "तू विसरू नयेस म्हणून," असं ते म्हणाले होते.

मी यांच्या नावावर टिचकी मारली आणि पासवर्ड लिहिला. काळे ठिपके उमटले. मग पडदा किंचित हलला आणि ठिपके पुसले गेले. पासवर्ड चुकीचा आहे, अशी इंग्रजी ओळ आली. पुन्हा लिहिला, एकेक अक्षर तोंडाने म्हणत. मोठ्या अक्षरांत लिहून पाहिला. शेवटी यांनी मरण्याआधी तो बदलला असेल का, असं मनात आलं, आणि बदलला असेल तर मला का सांगितलं नाही, यावर मी दिवसभर विचार करत बसले. मला राग आला होता. गेलेल्या माणसावर रागवावं का, तेही कळत नव्हतं.

रिक्षात मांडीवर कॉम्प्युटरचा डबा घेऊन मी दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानदार यांना ओळखायचा.

"मॅडम, सरांनी हे काय बसवून ठेवलंय? अख्ख्या नांदेडात कुणी वापरत नसेल."

"आतलं लिहिलेलं निघेल का?"

"फॉरमॅट मारतो. संध्याकाळी नवाकोरा घेऊन जा."

"आणि आतलं?"

"ते जाईल की. बघतो काढायला, पण गॅरंटी नाही. तुम्हाला पुढं वापरायला पाहिजे ना?"

मी हो म्हणणार होते. मग म्हटलं, राहू द्या. त्याने खांदे उडवले आणि दुकानातल्या पोराला न सांगता स्वतःच उठून डबा रिक्षापर्यंत आणून दिला. "सरांसारख्याच आहात," म्हणाला.

ग्रंथालयात काम केल्यामुळे मला एवढंच ठाऊक होतं की अडलं तर पुस्तक काढावं. यांच्या कपाटात लिनक्सचं जाडं इंग्रजी पुस्तक होतं. पहिली दोन प्रकरणं मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा समजलं नाही. एका ठिकाणी लिहिलं होतं की तीन कळा एकदम दाबल्या की काळा पडदा येतो. दाबल्या. खरंच सगळं काळं झालं. नाव विचारलं, मग पासवर्ड. इथे ठिपकेही उमटत नव्हते. कीबोर्ड बंद पडला असं वाटलं, तरी मी आंधळेपणाने गावाचं नाव लिहिलं.

त्याने आत घेतलं.

मी कितीतरी वेळ लुकलुकणाऱ्या रेघेकडे बघत बसले. जो पासवर्ड एका दारावर खोटा, तोच दुसऱ्या दारावर खरा कसा? पुस्तकात पाहून फाइलींची यादी मागवली. इंग्रजी नावं नीट दिसली. पण दोन-तीन ओळींत नुसते चौकोन होते. यांनी फाइलींना मराठी नावं दिली असणार. ते चौकोन बघून मला वाटलं, मीच काहीतरी दाबलं आणि गाव पुसलं.

रात्री दिरांचा फोन आला. "निघालं का वहिनी?"

"प्रयत्न करून राहिले," मी म्हटलं. चौकोनांचं सांगितलं नाही.

पुढचे तीन दिवस मी त्या खोलीत गेले नाही. चौथ्या दिवशी पुन्हा रंगीत पडद्यावर आले. या वेळी यांच्या नावावर टिचकी न मारता, नाव स्वतः लिहायची जी जागा होती तिथे लिहिलं. तिथे ठिपके नसतात, अक्षरं दिसतात. मी इंग्रजी कळा दाबत होते आणि पडद्यावर मराठीत काहीतरी भलतंच उमटत होतं.

पडद्याच्या कोपऱ्यात एवढीशी खूण होती. कीबोर्ड मराठीवर होता. यांना गावाचं लिहायचं असायचं, म्हणून त्यांनी पहिली भाषा मराठी ठेवली होती आणि आत जाताना तेवढ्यापुरती बदलायचे. ते त्यांच्या बोटांच्या सवयीचं झालं असेल, म्हणून मला सांगायचं त्यांना सुचलं नाही. काळ्या पडद्याला मराठी येतच नव्हती. म्हणून तिथे पासवर्ड चालला आणि म्हणून तिथे चौकोन दिसले. खूण बदलली आणि आत गेले. फाइल उघडली. सगळं जागेवर होतं.

छापून दिरांकडे पाठवलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"वहिनी, आपलं घर न्हाई यात."

"चौथ्या गल्लीचं नुसतं नाव आहे, भावजी. खाली काही नाही."

"आपण चौथ्यातच व्हतो. गाव पडलं तवा मी सात वर्साचा व्हतो. मला आपलं अन् समोरचं, दोनच घरं ध्यानात हायती."

"तेवढी सांगा."

त्यांनी सांगितली, मी टाइप केली. मराठी कीबोर्डवर मला एका घराला दोन संध्याकाळी लागल्या.

आता त्या गावाच्या तीन गल्ल्या आहेत, आणि चौथ्या गल्लीतली दोन घरं.