सायवनवालीचा पाय

अंगठ्याचं नख बुटातच उखडलं आणि मी बोर्डीच्या रस्त्यावर मटकन बसले. म्हाताऱ्या बायकांची शर्यत होती. तोवर मी सगळ्यांच्या पुढे होते, शेवटच्या पताका दिसत होत्या. सायवनवाली मागून आली. थांबली नाही. जाता जाता म्हणाली, "बुटाची नाडी सोड, बाय," आणि पहिली आली.

ही माझी धाकटी जाऊ. माहेर सायवनचं, म्हणून सगळा पाडा तिला सायवनवालीच म्हणायचा. तिचा पाय अरुंद, मधे कमान उचललेली. कुठलाही बूट घाला, तिच्या मापाने शिवल्यासारखा बसायचा. माझा पंजा पुढे पसरलेला, बोटं फाकलेली. भात आम्ही दोघींनी एकाच चिखलात लावला. तिचा पाय तसाच राहिला. मला ते कधी पटलं नाही.

तिला दुसऱ्यांचे पाय बघायची खोड होती. कुणी न्हाणीतून आलं की जमिनीवरचं ओलं पाऊल न्याहाळायची. पाहुण्यालाही सोडायची नाही. "सगळा तळवा उमटलाय. तुम्हाला आतून आधार असलेला बूट लागेल." माझं पाऊल बघून म्हणाली, "बदक गेलं वाटतं."

शर्यतीसाठी माझ्या मुलाने तलासरीहून दोघींना एकाच नंबरचे बूट आणले. मी घातले तसं ती म्हणाली, "नंबर लांबीचा असतो. तू रुंदीला गेलीस. बदलून आण."

"तुझे बसले, मग माझे का नाही बसणार? वापरून सैल होतील."

"बूट नाही सैल होत, पाय बारीक होतो."

पाड्यातल्या बायका हसल्या. मग मी ते मुद्दाम रोज घातले.

शर्यत झाल्यावर बक्षिसाचा स्टीलचा डबा काखेत मारून ती माझ्यापाशी आली. माझा बूट तिनेच ओढून काढला आणि चारचौघींत शिकवू लागली. "पुरुषांचा घे, तो पुढून रुंद असतो. संध्याकाळी जा, दिवसभर राबून पाय फुगतो. तेव्हा बसला तर बसला. आणि पुढे अंगठाभर जागा ठेव."

तिने सांगितलं म्हणूनच मी कितीतरी दिवस दुकानात गेले नाही. शेवटी गेले. संध्याकाळी, पुरुषांचाच घेतला. बोटं आत मोकळी हलली. तिचं खरं निघालं, त्याने आणखी जळफळाट झाला.

पुढच्या वर्षी हिला मागे टाकायची, एवढंच मनात धरून मी सकाळी पळायला लागले. ती चुलीपासून ओरडायची, "पळ, पळ. वाटेत बसू नको म्हणजे झालं."

थंडीत तिला ताप आला. आठवड्यात गेली.

त्या वर्षी मी पहिली आले. डबा हातात घेतला तोच मागून एक बाई म्हणाली, "सायवनवाली असती तर हिचा दुसरा नंबर होता."

असेलही. पण ती मेली आणि मी जगले.