तारखेची मोकळी जागा

आळशी कोडचा ल्युबिंकाला भारी तिटकारा. प्रत्येक व्हेरिएबलच्या, म्हणजे माहिती ठेवायच्या कप्प्याच्या, पोटात काय राहणार, ते आधी जाहीर करायचं असतं: अंक, नाव, तारीख. शोधायचा कंटाळा असलेले लोक 'कसलीही वस्तू' असं लिहून मोकळे होतात. ही मात्र चालता प्रोग्राम मध्येच थांबवून एकेकाला विचारायची, "तू कोण?" प्रोग्राम एका शब्दात प्रकार सांगायचा, तोच ती जाहीर करायची. म्हणून तर सोंबोर शहरातल्या गावरा नावाच्या पाथरवटाने आपल्या कोरणी-यंत्राचा प्रोग्राम तिच्या गळ्यात मारला.

"जिवंत माणसांपाशी अडतंय बघ," गावरा म्हणाला. "मेलेल्यांची काही तक्रार नाही."

तिकडे थडग्याच्या दगडावर गेलेल्याच्या नावाबरोबर मागे राहिलेल्याचंही नाव कोरतात, त्याच्या मृत्यूच्या तारखेची जागा तेवढी मोकळी. ल्युबिंकाच्या आईच्या दगडावर तर तिघांची नावं होती. "तुझं नंतर कोण कोरून घेणार, पोरी?" असं म्हणत बाबांनी बिनलग्नाच्या लेकीचंही उरकून टाकलं होतं. तिला ते फार लागलं होतं.

आता त्याच बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन सोमवारी होतं आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी गावराच्या दुकानात तिने चाचणीला घरचाच दगड घेतला. पडद्यावर आईची तारीख दिसत होती, खालच्या दोन्ही जागा कोऱ्या. तिने आईच्या जागेला विचारलं. तारीख. बाबांच्या जागेला विचारलं. रिकामं. तिचा जीव भांड्यात पडला. वेडेपणाच तो, पण पडला खरा. मग स्वतःच्या जागेला विचारलं.

तारीख.

जागा तर कोरी दिसत होती. तिने ती पुसली, पुन्हा विचारलं. तारीख. बाहेर गावराची करवत थांबली होती. कोणती तारीख, हे विचारायला एक ओळ पुरे. ल्युबिंकाने ती लिहिली, पण चालवली नाही, खोडली. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने जाहीर केलं: कसलीही वस्तू.

घरच्या दगडाची चाचणी बाबांना गावराकडून कळली होती. रात्रीच्या जेवणाला त्यांनी डोळा मिचकावत विचारलं, "काय गं, यंत्र माझ्याबद्दल काय म्हणतं?"

"रिकामं म्हणतं."

"म्हणजे सोमवारी सुटलो! आणि तुझं?"

"मी बघितलंच नाही," म्हणत तिने गिबानित्साचा गरम तुकडा त्यांना वाढला. बाबांना तिच्या हातची ही चीजची, थराथरांची भाजलेली पोळी फार आवडायची. "पण बाबा, बरे झालात की तुम्ही ही करायला शिकून घ्या."