घोंगडीचा गळपट्टा

लोक दुसऱ्याच्या घरात शिरताना कडी वाजवतात. किसनतात्या स्वतःच्या घरातून बाहेर पडताना वाजवायचे. सकाळ असो की भर दुपार, दार उघडण्याआधी आतून तीनदा कडी आपटायची, मोठ्यानं खाकरायचं, मग दार वीतभर उघडून आधी नुसतं डोकं बाहेर काढायचं. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, मग वर पत्र्याकडे. सगळं ठीक वाटलं की एक पाय उंबऱ्याबाहेर पडे. बदली होऊन मी त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी दात घासता घासता मी हा प्रकार पाहिला आणि मला हसू आवरेना. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि जराही न ओशाळता म्हणाले, "बाई, मी भितो."

कोल्हारपासून आत, प्रवरेच्या अंगाला असलेली ही वस्ती. पंधरा-वीस घरं आणि चारी बाजूंनी ऊस. मी तिथल्या वस्तीशाळेत शिक्षिका, नवरा नगरला नोकरीत, शनिवारी येणार आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जाणार. मुलगी मुक्ता तेव्हा माझ्याच शाळेत दुसरीत होती. घर ते शाळा दहा-बारा मिनिटांची पायवाट, आणि मधे एक वळण असं, की तिथे पुढचा माणूस दिसत नाही आणि मागचाही दिसेनासा होतो. त्या वळणाबद्दल मला पुढे बरंच सांगायचं आहे.

तात्या घोंगड्या विणायचे. पंचक्रोशीत हातमागावर बसणारे तेवढेच उरले होते. त्यांची बायको हौसाबाई चरख्यावर लोकर कातायची, तात्या पडवीतल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसायचे. विणून उतरवलेली घोंगडी मऊ आणि लोळागोळा असते. तिच्यात जीव येतो तो खळीनं. चिंचोके भाजायचे, सालं काढायची, भिजवून वाटायचे आणि चुलीवर रटरटत शिजवायचे. ती चिकट खळ कुंच्यानं घोंगडीवर ओढायची आणि उन्हात कडक वाळवायची. अंगणभर त्याचा आंबूस वास असे. खळ लावताना तात्या माझ्याशी बोलत नसत, घोंगडीशी बोलत. "पी बाई, पी," असं तिला म्हणत. खळ आत मुरली पाहिजे, वरच राहिली तर पापड होतो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचा अंगठा विलक्षण होता. चार वर्षांपूर्वी विकलेली घोंगडी कुणी काठ शिवायला परत आणली, की तिच्यावरून अंगठा फिरवून ती रोज अंगावर घेतात की पेटीत घडी करून ठेवली आहे, हे ते बिनचूक सांगत. आणणाऱ्याची मग पंचाईत होई.

पण वस्तीवर त्यांची ख्याती विणकर म्हणून नव्हती, भित्रा म्हणून होती. चहाच्या टपरीवर बिबट्याच्या गोष्टी निघाल्या की एकेक जण छाती फुगवून सांगे, माझ्या गाडीसमोरून गेला, मी नुसता हॉर्न मारला. मग सगळे तात्यांकडे बघत. तात्या म्हणत, "माजं तर तिथंच धोतर ओलं झालं आसतं." हशा पिकायचा आणि तात्याही त्या हशात सामील व्हायचे. मी शिकलेली बाई, मला वाटलं याच्यामागे काही तरी घडलेलं असणार, लहानपणी वगैरे. एकदा विचारलंसुद्धा. ते म्हणाले, काही घडलेलं नाही, आणि भ्यायला आधी काही घडावं कशाला लागतं? मी हसून विषय बदलला.

दिवाळी झाली, उसाची तोड सुरू झाली. एकेक फड रिकामा होऊ लागला तसा त्यात राहणारा बिबट्या उरलेल्या उसात सरकू लागला. आधी वस्तीवरची कुत्री कमी झाली. मग शेजारच्या गोठ्यातलं वासरू गेलं. मी सकाळी ते दावं पाहिलं, टोकाला तुटलेलं, आणि मातीत ओढत नेल्याची रेघ उसापर्यंत गेलेली. खोटं कशाला सांगू, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. वाऱ्यानं पाचट वाजलं तरी उठून दाराची कडी तपासायचे. पण मी शिक्षिका. शाळेत सूचनांचा कागद आला होता, एकटं जाऊ नका, मोठ्यानं बोलत चला, वाकू नका, वाकलेला माणूस त्याला जनावर वाटतो. तो मी मुलांना वाचून दाखवला आणि शेवटी पदरचं एक वाक्य जोडलं, की बिबट्याच माणसाला घाबरतो, आपण घाबरायचं काही कारण नाही. मुक्तालाही घरी तेच सांगितलं. आईला भीती वाटत नाही म्हटल्यावर ती निर्धास्त होऊन रस्ताभर उड्या मारत चालायची, आणि तिच्या प्रत्येक उडीला मी उसाकडे बघायचे.

तात्यांनी मात्र सरळ कामाला सुरुवात केली. मेंढक्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे असतात, ते त्यांनी जन्मभर पाहिलेले. वाघरू आधी मान धरतं, हेही त्यांना ठाऊक. त्यांनी घोंगडीचं कापड तिहेरी घेतलं, लोकरीच्या दोऱ्यानं काठ शिवले, मागे बांधायला दोन बंद लावले. मग खळ. एक हात दिला, वाळवला, दुसरा दिला, वाळवला, असे सात हात. आठव्या दिवशी ते मुक्ताचा गळपट्टा घेऊन दारात उभे राहिले. काळा, फळीसारखा ताठ, कानापासून खांद्यापर्यंत येणारा. त्यांनी स्वतः तो तिला बांधला. मुक्ताला हनुवटी खाली करता येईना, पण ती खूश. मी तोंडदेखलं छान झालाय म्हटलं.

मला लाज वाटली. शिक्षिकेची पोर गळ्यात कुत्र्याचा पट्टा घालून शाळेत येते, असं लोक म्हणतील या विचारानं. नवरा फोनवर हसला, म्हणाला, फोटो पाठव. मग मी एक युक्ती काढली. तात्यांच्या देखत पट्टा बांधायचा, आणि घर नजरेआड झालं की सोडून माझ्या पिशवीत टाकायचा. येताना वस्तीच्या अलीकडे पुन्हा बांधायचा. मुक्ताला सांगितलं, ही आपली गंमत. तात्या दर आठ दिवसांनी पट्टा मागून घेत, उलटसुलट करून बघत, खळीचा एक हात देत आणि परत करत. त्यांना फसवल्याचं मला वाईट वाटायचं, पण तेवढ्यापुरतंच.

त्याच सुमारास तात्यांनी घोंगड्या अंगणात वाळवणं सोडून दिलं. दोन घोंगड्या खांद्यावर टाकून ते शाळेच्या वेळेला त्या वळणावर यायचे, बांधावर त्या पसरायचे, आणि तिसरी डोक्यावरून पांघरून टकळीवर सूत काढत उभे राहायचे. शाळा सुटायच्या वेळी पुन्हा हजर. मी विचारलं तर म्हणाले, हितं ऊन चांगलं पडतं. मला पटलं. एका बाजूचा ऊस तुटला होता, ऊन पडत होतंच. मुलं त्यांना चिडवत पुढे जायची. तात्या हसायचे, पण डोळे मुलांकडे नसत. उसाकडे तोंड करून ते उभे असत, म्हणून मुक्ताची उघडी मान त्यांना दिसत नसणार असं मी धरून चालले. घोंगडीच्या आत ते कापत होते, हे एकदा मी पाहिलं, आणि थंडी आहे म्हणून सोडून दिलं.

पौषात ते लोकर आणायला मेंढक्यांच्या वाड्यावर गेले, दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी शाळेची काही कागदपत्रं भरता भरता मला उशीर झाला. मुलं पुढे गेली होती. मी आणि मुक्ता निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते, उजेड होता. वळणावर आलो आणि मुक्ताच्या चपलेचा अंगठा निघाला. ती थांबली. मी वर पाहिलं तर समोर बांधावर, जिथे रोज घोंगडी असायची तिथे, तो बसला होता.

किती अंतर होतं ते मला आजही सांगता येणार नाही. त्याच्या मिशा दिसत होत्या एवढं खरं. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो मुक्ताकडे बघत होता, आणि मुक्ता चप्पल नीट करायला वाकत होती. वाकू नका, हे मी शाळेतल्या सगळ्या मुलांना वाचून दाखवलं होतं. आता तोंडातून आवाज निघेना. मी ओरडते आहे असं मला वाटत होतं आणि काहीच ऐकू येत नव्हतं. शेवटी मी तिची वेणी धरली आणि तिला हिसडून सरळ उभं केलं. ती कळवळून किंचाळली. त्याचे कान मागे गेले. शेपटीचं टोक एकदा हललं, आणि मग तो उठून घाई न करता उसात गेला. पाचट जराही वाजलं नाही. माझ्या हातातल्या पिशवीत तो पट्टा होता, आणि तिची मान उघडी होती. घरी येऊन मी आधी आतून कडी घातली. मुक्ता रडत होती ती वेणी ओढली म्हणून. तिनं त्याला पाहिलंच नव्हतं.

तात्या आले त्या सकाळी मी त्यांच्या पडवीत गेले आणि सगळं सांगितलं. पट्टा पिशवीत होता हेही, आणि तो रोजच पिशवीत असायचा हेही. ते लोकरीतली कुसळं वेचत होते. वेचतच राहिले.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पट्ट्याची खळ कुटं मोडलीच न्हवती. गळ्यात आसता तर हनवटीखाली मोडली आसती."

मला तिथेच उमगलं. वळणावरच्या घोंगड्या, टकळी, चांगलं ऊन. मी विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली तिथे रोज उभं राहायला?

"लई वाटायची." मग त्यांनी हातातली लोकर खाली ठेवली. "पट्ट्याची लाज वाटली, त्ये मला कळतं. पर बाई, लेकराला भ्या न्हाई म्हनून सांगू नका. आई भ्याली न्हाई तर त्येनं कुनाचं बघून भ्यायचं?"

त्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी तिथे बसून रडले आणि हौसाबाईंनी चहा केला. घरी आल्यावर मुक्ताला समोर बसवून सांगितलं की मला भीती वाटते, खूप वाटते, आणि बांधावर काय होतं तेही सांगितलं. त्या दिवसापासून वाटेवर ती माझ्या पदराला धरून चालू लागली, आणि पट्टा शाळेत पोचेपर्यंत गळ्यात राहू लागला.

शिक्षिकेच्या पोरीच्या गळ्यात पाहिल्यावर बाकीच्यांची लाज गेली. आया एकेक करून तात्यांच्या पडवीत येऊ लागल्या. मग तोडीला आलेल्या बीडकडच्या बाया आल्या. त्यांची लेकरं तर दिवसभर फडातच असत. तात्यांनी त्यांचे पट्टे आधी करायला घेतले. आणलेली लोकर संपली तेव्हा विकायला ठेवलेल्या चांगल्या घोंगड्या कात्रीनं कापल्या. कापताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून दर दिवाळीनंतर हेच त्यांचं काम झालं. दोन हंगाम आमच्या वाटेवर कुणाला काही झालं नाही. ते पट्ट्यांमुळे, की तात्यांच्या उभं राहण्यामुळे, की नुसतं नशिबानं, मला माहीत नाही. तात्यांनाही माहीत नव्हतं. ते वळणावर येतच राहिले आणि भीतच राहिले.

गेल्या हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा ऑक्सिजनच्या नळीतून त्यांनी एवढंच विचारलं, की वळणावर कोण हाय? मी म्हटलं, आहे कुणी तरी. त्यांना ते पटलं नसावं. दोन दिवसांनी ते गेले.

दहाव्याला सगळी वस्ती जमली होती. बायामाणसं हौसाबाईंची समजूत काढत होती, धीर धरा म्हणत होती. हौसाबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "समद्यांच्या वाटनीचं भ्या यांनी एकट्यानं घेतलं हुतं. आता ज्येचं त्येनं घ्या."

दुसऱ्या दिवशी शाळा होती. त्या वर्षी वळणाच्या दोन्ही अंगांना ऊस उभा होता. मी मुलांना रांगेनं पुढे काढलं, मुक्तालाही त्यांच्यात घातलं, आणि मी मागे थांबले. पाठ कुठल्या उसाकडे करावी हेच कळेना. एवढ्यात मागून एक माणूस आला. पहिलीतल्या एका मुलाचा बाप, कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवणारा, आडदांड, कधी माझ्याशी बोललेला नाही. तो पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी काही विचारलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "मला लई भ्या वाटतंय."

मी म्हटलं, मलाही. मग शेवटचं पोर वळण ओलांडून जाईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या उसाकडे बघत उभे राहिलो.