छातीतली चिमणी

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात वांग्यांवरून घासाघीस करत होते. तिच्या एका विद्यार्थिनीचा आवाज होता. "मावशी, मॅडम सकाळी गेल्या... झोपेतच." मी हातातली वांगी ठेवली आणि भाजीवालीच्या पोत्यावरच बसले. ती म्हणाली, "अशा का बसल्या, काकू?" म्हटलं, "नणंद गेली माझी." तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. नणंद गेली म्हणून भर बाजारात बसकण मारणारी भावजय तिनं पहिल्यांदाच पाहिली असावी.

त्याला सहा आठवडे झाले. सुलभा मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवायची, म्हणजे शरीर चालतं कसं ते. तिथं तिला लोक मोठ्या मानानं ओळखत, पण जन्मभर तिनं प्रश्न एकच धरला होता. लकवा मारतो मेंदूत, पण तो निघतो कुठून? तिला वाटायचं, पुष्कळदा तो हृदयातून निघतो. आणि हे तिला का वाटायचं, तर तिच्या आईमुळं. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, लकवा मारला तेव्हा सुलभा पंधरा वर्षांची होती. मोठी झाल्यावर ती घरातल्या प्रत्येकाला विचारायची, "आईला आधी काही होत होतं का?" कुणालाच माहीत नव्हतं. उत्तर घरातच होतं. चुलीपुढं बसून भाकरी थापत होतं.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि स्वतःला लई शहाणी समजत होते. वेणी मात्र कमरेखाली होती, अक्कल कुठपर्यंत होती ते आता सांगते. ज्वारीची काढणी तोंडावर आली होती. आत्याबाई माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "कौसे, छातीत चिमणी फडफडल्यागत व्हतंय गं. मधीच थांबतीय, मधीच उडतीय." मला वाटलं, म्हातारी काढणीतून अंग काढायला बघतेय. म्हातारी म्हणजे किती, पन्नाशीसुद्धा नव्हती. मी विहिरीवर जाऊन बायकांना नक्कल करून दाखवली, पदराखाली हात घालून फडफड केली. सगळ्या पोट धरून हसल्या. मला तर वाटलं, मी नाटकातच जायला हवं होतं.

आठव्या दिवशी आत्याबाई गोठ्यात पडल्या. तोंड वाकडं, उजवी बाजू गेली, वाचा गेली. आमच्याकडं तेव्हा लकवा झाला की कबुतराचं रक्त अंगाला चोळत. कबुतरं धरायला टोपल्याखाली दाणे मीच टाकले, फार हुशारीनं. तीन दिवस त्यात गेले. पुढं आत्याबाई अकरा वर्षं जगल्या, एक शब्द न बोलता. मी त्यांना घास भरवायचे तेव्हा त्या माझ्याकडं बघायच्या. त्यांना चिमणी आठवत होती का, हे मला कधी कळलं नाही.

सुलभा शिकायला गेली आणि सुटीत घरी आली की काहीतरी घेऊन यायची. एकदा खाटकाकडून बोकडाचं हृदय घेऊन आली. गोठ्यामागं पाट मांडला आणि मला म्हणाली, "वहिनी, लांबून बघा." तिनं एका बाजूनं पाणी ओतलं, ते पुढं गेलं. मग उलटं धरून ओतलं, तर आत पातळ पडद्यासारख्या झडपा होत्या, त्या आपोआप मिटल्या. पाणी मागं आलंच नाही. जीव गेलेलं, कापलेलं हृदय, तरी आपलं काम करत होतं. मी पदर नाकाला लावला होता, डोळ्यांना नाही. इतकं देखणं काही मी तोवर पाहिलं नव्हतं. ती सांगत होती, "दूध हलवत राहिलं तर साय धरत नाही, थांबलं की धरते. तसं हृदयाचा वरचा कप्पा नीट आवळायच्या ऐवजी नुसता थरथरला, तर आत रक्त साचतं, गुठळी होते. ती सुटली की थेट मेंदूत." थरथरला म्हणताना तिनं बोटं हलवली... अगदी माझ्या नकलेसारखी. तेव्हा सांगायला हवं होतं. मी चहा टाकायच्या निमित्तानं उठले.

ही मुलगी माझी लाडकी होती, हेच अवघड होतं. माझ्या बाळंतपणात तिनं माझे पाय चेपले होते. सांगितलं तर ती परत माझ्या हातचं पाणी पिणार नाही, या भीतीनं मी गप्प राहिले. एक वर्ष नाही, चौतीस वर्षं.

तोवर ती ईसीजीचं यंत्र घेऊन गावोगाव फिरत होती. म्हाताऱ्यांना विचारायची, "छातीत काही होतं का?" सगळ्यांचं एकच, "न्हाई बाई, आमाला काय धाड भरलीय." एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर ती थकून बसली आणि म्हणाली, "वहिनी, कुणीच सांगत नाही. आईनंही सांगितलं नसेल. तशीच पडली असेल बिचारी, एकटीनं सोसून."

ते मला सोसलं नाही. मी म्हटलं, "सांगितलं होतं. मला." आणि सगळं ओकून टाकलं, विहीर, नक्कल, कबुतरं, सगळं.

मग तिनं पिशवीतून वही काढली. "किती दिवस आधी?"

"आठ."

"बसल्यावर की काम करताना?"

"दोन्ही. रात्री जास्त, म्हणायच्या."

"ठोका चुकायचा?"

"मधेच थांबते, म्हणाल्या होत्या."

ती लिहीत होती आणि डोळ्यांतलं पाणी वहीवर पडत होतं, पण हात थांबला नाही. मी चष्मा लावून डोकावले. लिहिलं होतं, 'माहिती देणारी: सून, वय १९. निरीक्षण अचूक.' मी म्हटलं, "अगं, मी हसले होते." ती म्हणाली, "हसलात म्हणून तर शब्द न् शब्द लक्षात राहिला. आता भाकरी वाढा, भूक लागलीय." आणि माझ्या हातचं जेवली.

त्या दिवसापासून तिनं पद्धत बदलली. म्हाताऱ्यांना सोडलं, सुनांना धरलं. आमच्या सुना दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, सहा महिने म्हातारी माणसं घरात एकटी. म्हणून ट्रॅक्टर निघायच्या आधी ही दारोदार जाऊन बसायची आणि म्हणायची, "सासूबद्दल काय तक्रार आहे ती सांग." मग काय, सुना तासभर बोलायच्या. त्या गाऱ्हाण्यांतून ही नेमकी हृदयं वेचून काढायची. मला अजून नवल वाटतं. माझ्या मूर्खपणातून एवढं शास्त्र निघेल, हे मला कुठून सुचलं असतं?

परवा आमच्या गल्लीतला ट्रॅक्टर निघाला. मंगल, शेजारच्या शेवंताबाईची सून, बिऱ्हाड चढवताना पळत माझ्याकडं आली. "काकू, सुलूताई तर न्हाईत आता. कुणाला सांगू? म्हातारी दोन दिसांपासून मधीच काम सोडून छातीवर हात ठिवून बसतीय. इचारलं तर माझ्याच अंगावर येतीय."

"बसल्यावर होतं की काम करताना?" मी विचारलं.

तिला जा म्हटलं आणि शेवंताबाईकडं गेले. तिनं मला चार शिव्या दिल्या, पण हात दिला. सुलभा धरायची तसं मनगट धरलं, बोटांखाली नाडी लागली... दोन ठोके, मग काहीच नाही, मग तीन एकावर एक. मी जीप बोलावली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं ईसीजीची पट्टी पाहिली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली. म्हणाला, "वेळेत आणलंत, आजी. तुमच्या लक्षात आलं का हे?"

"माझ्या नाही," मी म्हटलं. "तिच्या सुनेच्या. तसं लिहा कागदावर."