वाजवून बघणारा गुप्तहेर

लहानपणी आमच्याकडे मुलांचं एक मासिक यायचं. त्याची शेवटची चार पानं चित्रकथेची असत, म्हणून मी ते कायम मागून उघडायचे. त्या कथेतला गुप्तहेर हडकुळा, टकला आणि भलताच चौकस. त्याच्याकडे ना पिस्तूल ना मोटार. दार असो, तिजोरी असो, नाही तर चोराचं डोकं, तो बोटाच्या पेरानं वाजवायचा, कान लावायचा आणि आत काय आहे ते सांगून मोकळा व्हायचा. वस्तू चांगली असेल तर शेजारी मोठ्या अक्षरांत 'टण्ण' काढलेलं असे, खोट असली की 'ठप्प'. मीही घरभर वाजवत सुटले. भावाचं डोकं कायम ठप्प यायचं.

चित्रकाराला हे सुचलं तरी कुठून, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतोय. आई माठ घेताना अशीच वाजवून घ्यायची, विकणाऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी. म्हणजे चित्रकारसुद्धा आईचं बोट धरून बाजारात गेला असणार, असं मी ठरवून टाकलं. बरीच वर्षं ते उत्तर मला पुरलं.

मग चाकणच्या एका कंपनीत तपासणीच्या कामाला लागले. फाउंड्रीत लोखंड ओतून बनवलेले गाड्यांचे भाग तिथे येतात. पहिल्याच दिवशी एका जुन्या कामगारानं एक भाग टांगला, छोट्या हातोडीनं ठोकला आणि कान जवळ नेला. टण्ण. "हा पास, ताई." दुसरा ठोकला. ठप्प. बाहेरून तडा कुठेच दिसत नव्हता. माझ्या अंगावर काटा आला. माठबीठ काही नाही, आपला चित्रकार नक्की फाउंड्रीतला! त्या दिवशी मी हातोडीच्या प्रेमात पडले. त्याला आता अठरा वर्षं झाली.

यंदा कंपनीत कानांची तपासणी झाली. हेडफोन लावून बसायचं, आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाचं ठीक झालं. डाव्या कानात मात्र बराच वेळ काहीच येईना. तेवढ्यात लक्षात आलं, समोरची मुलगी आवाज सोडताना अंगठा हलवते. मग मी तो अंगठा बघून बटण दाबत गेले आणि पास झाले. खरं कळलं असतं तर हातोडी काढून घेऊन मला पॅकिंगला बसवलं असतं. ते मला नको होतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

महिन्याभरापूर्वी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या मैत्रिणीला मोबाइलवर त्या चित्रकथेची जुनी पानं दाखवत होते. ती म्हणाली, "अगं, हे काढणारे बाबा आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात की, रहाटणीला!" पुढच्या रविवारी मी त्यांच्या दारात हजर.

सुनेनं दार उघडलं, बसायला सांगितलं आणि हातात वही-पेन ठेवलं. "बाबांना अजिबात ऐकू येत नाही. लिहून विचारा."

मी लिहिलं, 'बाबा, वाजवून बघायचं कुठून सुचलं? माठ की फाउंड्री?'

ते वाचून हसले. "माठ न्हाई, पोरी. फाउंड्रीतच व्हतो मी. हातोडीवर."

मला पैज जिंकल्यासारखं झालं. लगेच लिहिलं, 'आणि गुप्तहेर? तो कोणावरून काढला?'

त्यांनी ते दोनदा वाचलं. "हे आजवर कुनी इचारलं न्हाई. माझे कान तवाच चालले व्हते. काम जाईल म्हणून कुनाला बोललो न्हाई. शेजारचा गडी ठोकलेला माल ऐकून तोंड कसं करतो, ते बघून पास-नापास म्हणायचो. एक तडकलेली पुली तशीच माझ्या हातून गेली. ती पुढं फुटली, एका मानसाचा हात गेला. मग नोकरी सोडली अन् याला काढाया बसलो. म्हटलं, याच्या कानातनं काय बी सुटाया नको."

माझ्याकडे अजून चिकार प्रश्न होते. तो टकला का, त्याला बायको का नाही, सगळे. एकही लिहवेना. लाज वाटत होती आणि भीतीही.

"तू काय काम करतीस?" त्यांनी विचारलं.

'तपासणी. हातोडीवर.'

"कान नीट हायत ना?"

मी 'हो' लिहिलं. ते वाचायला वाकले, तशी मी वही ओढून घेतली, 'हो' खोडलं आणि खाली लिहिलं, 'डाव्यानं येत नाही. उद्या साहेबांना सांगते.'

सोमवारी सांगितलं. साहेब चिडले आणि गोदामात पडून असलेला, मी पास केलेला सगळा माल त्यांनी पुन्हा ठोकून घ्यायला लावला. मी लांब उभी राहून बघत होते. दोन भाग तडकलेले निघाले.