ढेपेचा वायदा आणि कापलेली वायर

त्या केसमध्ये फिर्यादी कोण अन् आरोपी कोण, हे मला आजही धड सांगता येत नाही. बाकी सगळं आठवते. कापसाचे वाईट दिवस चालू होते. मी चांदूर बाजारकडच्या एका ठाण्यात हवालदार होतो. नावं घेत नाही.

गुरांना घालायची सरकीची ढेप विकणारा एक दुकानदार तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आला. दुकानाच्या फोनची वायर कोणीतरी कापते. आधी दोनदा आम्ही त्याला टेलिफोन ऑफिसचा रस्ता दाखवला होता. या वेळी तो बाकावरून उठेचना. ठाणे अंमलदारांनी वैतागून मला पाठवलं.

हा माणूस ढेपेचा वायदा खेळायचा. पुढच्या महिन्यात ढेप काय भावानं जाईल, यावर आज सौदा. सौदा फोनवर, अकोल्याच्या दलालाकडे. मोबाईलला तिकडे रेंज नव्हती. वायर तुटली की दिवस गेला. त्याचा संशय समोरच्या दुकानदारावर. त्याला मी ठाण्यात आणून दोन तास बसवला, उलटसुलट विचारलं. काही निघालं नाही. बिचारा फुकट घामाघूम झाला.

खबर दिली शेजारच्या सायकलवाल्या चाचांनी. चहा पुढे सरकवत हळूच म्हणाले, "जमादार, बाहर कायको ढूंढते? वायर अंदर से कटती. वो खाना खाने बैठा, के कटी."

मी वायर पुन्हा पाहिली. पकडीनं तोडली तर दोन्ही अंगानं सारखी दबते. ही एका अंगानं चेपलेली, दुसऱ्या अंगानं साफ. ज्याच्या घरी रोज सुपारी कातरतात त्याला हे सांगावं लागत नाही. दुकानामागेच घर होतं. आत जाऊन सुपारी मागितली. बाई अडकित्ता घेऊन आली, माझ्या नजरेकडे पाहिलं अन् खाली बसली.

"मीच कापली."

"काहून?"

"त्यायनंच सांगतलं होतं."

रोज सकाळी आंघोळ करून नवरा तिला बजावायचा, आज इतक्याच्या वर तोटा गेला की मला थांबव, काही कर पण फोन करू देऊ नको. दुपारी भाव पडला की तोच माणूस पहिला तोटा भरून काढायला दुप्पट सौदा करायचा, अडवलं तर तिलाच शिव्या द्यायचा. तिसऱ्या वेळी त्यानं गहाण टाकायला पेटीतून घराचे कागद काढले होते.

मी नवऱ्याला आत बोलावलं. तो मान खाली घालून म्हणाला, "सांगतलं होतं, जमादार. पण त्या दिवशी वायर तुटल्यावर भाव चढला. फोन चालू असता तर मी तोट्यातून निघालो असतो."

"अन् पडला असता तर?" बाई म्हणाली. "मले कुठं ठेवलं असतं?"

दोघंही माझ्याकडे पाहून राहिले. मला कलम सुचेना. वायर सरकारी, म्हणून बाईला म्हणालो, आता तोडू नका, केस होईल. तिनं विचारलं, मग मी काय करू? मी म्हणालो, समजावून सांगा. ती हसली. स्टेशन डायरीत लिहिलं: घरगुती वाद, समज दिली.

बाईनं पोलिसाचं ऐकलं. दिवाळीच्या आत घर गेलं. पुढं ती दोघं मला मोर्शीकडे संत्री भरायच्या कामावर दिसली. बाईनं मला ओळखलं अन् पुढच्या खोक्यात संत्री रचू लागली.

सकाळी शब्द देणारा अन् दुपारी मोडणारा, दोन वेगळी माणसं असतात. कायदा दोघांना एकच धरतो. मी कोणाची बाजू घ्यायला पाहिजे होती? सकाळच्याची, असं वाटते. पण मग माझं काय?

माझी बायको हिंडती-फिरती होती तेव्हाच बोलली होती, लई नळ्या लावू नका, मला घरीच जाऊ द्या. मी हो म्हणालो होतो. मग अमरावतीचा दवाखाना झाला, नागपूरचा झाला. शेवटी बोलता येईना, तर हातानं दाराकडे दाखवायची. मी डॉक्टरला म्हणायचो, साहेब, अजून एक दिवस पाहू.