निवृत्तीतात्यांच्या फळीवरचं गाव

निवृत्तीतात्यांची आणि माझी पहिली भेट एका जळालेल्या कॉइलमुळे झाली. मी तेव्हा बारामतीत पाण्याच्या मोटारी रिवाइंड करत असे. तात्या भिगवणहून एसटीने आले आणि पिशवीतून बोटाएवढी कॉइल काढून म्हणाले, "ही भरून देता का? माझी पाती मेलीया." म्हणजे काय, हे बघायला मी त्यांच्या शेडमध्ये गेलो. तिथे पिनबॉलची यंत्रं होती. उतरत्या फळीवर लोखंडी गोळी, खाली तिला परत वर उडवणाऱ्या, कॉइलवर चालणाऱ्या दोन पात्या, आणि फळीभर तात्यांनी हाताने रंगवलेलं चित्र. गेलो तो तिथलाच झालो.

यंत्रावरची गोष्ट आपली असावी, हा तात्यांचा हट्ट. यंत्रं विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकांना सिनेमातला नायक हवा असे. त्यासाठी परवाना लागतो आणि परवान्यासोबत अटी येतात. नायक पडलेला दिसता कामा नये, अशी एक अट मी वाचून दाखवली तेव्हा तात्या हसले. "अरं, ह्या खेळात गोळी शेवटी खालीच जाती. ज्येला पडायचं न्हाय त्येनं हितं यावं कशाला?"

त्यांनी स्वतःचं यंत्र केलं ते धरणात गेलेल्या आपल्या गावाचं. गोळी पडली की पाणी एक पायरी चढायचं. तेवढ्यात गोळी मारून देवळाची घंटा, जातं, शाळेचा फळा, जमेल ते काठावर न्यायचं. सगळं कधीच वाचत नसे. हायवेवरच्या एका हॉटेलमालकांनी ते खेळून पाहिलं आणि म्हणाले, "तात्या, लोकं जेवायला येत्यात, रडायला न्हाय."

आता जे लिहितो ते तात्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात शोभणार नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. माझे वडील आजारी होते तेव्हा महिनाभर तात्यांनी भिगवणहून भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण पोचवलं होतं. त्या मिठाला मी जागलो नाही. तात्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात असताना हॉटेलमालक घाईने आले. त्यांना परवान्याचा नायक हवा होता आणि तयार यंत्र एकच होतं. मी सँडरने गाव घासून काढलं आणि त्यावर नायकाचं स्टिकर चिकटवलं. तात्या बरे झाले की दुसरी फळी रंगवतील, अशी मी माझी समजूत घातली होती.

तात्यांची दृष्टी परत आली नाही. घरी आल्यावर, यंत्र हॉटेलात जायच्या आधी, त्यांनी फळीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "आदी पाण्यानं नेलं, मग तू. दोगांनीबी इचारलं न्हाय." त्यावर मला चहा दिला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढे परवान्याची मुदत संपली. नायक उतरवावा लागला, यंत्र परत आलं. खाली कोरं लाकूड होतं, मात्र गावातल्या वस्तू ठोकलेल्या खिळ्यांची भोकं शाबूत होती. गेलं वर्षभर तात्या ती भोकं बोटांनी चाचपतात आणि मी ब्रश धरतो. "हे भोक घंटंचं. डावीकडं चार बोटं सोड. तितं आमचा दरवाजा. आई उंबऱ्यावर बसायची, तेवडी जागा ठेव." माझी घरं मोटारीच्या पेट्यांसारखी दिसतात. तात्यांना ते दिसत नाही, याचं मला बरंही वाटतं आणि रडूही येतं.

वरची आळी पुरी झाली आहे. खालची बाकी आहे, आणि ती आठवणारं माणूस आता तात्यांशिवाय उरलेलं नाही. पंच्याहत्तरीला सगळे तुम्हाला शंभर वर्षं मागणार, असं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "शंभर कशाला? खालच्या आळीपुरती द्या म्हणावं."

मी मात्र शंभरच मागतो, धडधाकट हातांनी आणि शाबूत आठवणीने. आणि हल्ली घरं मुद्दाम सावकाश काढतो.